एक डोळा गेलेला गवंडी, बायकोचा पब आणि ट्रेंट ब्रिज: विल्यम क्लार्क

खडूस_बॅट्समन

मंडळी, कामानिमित्त दीड वर्ष नॉटिंगहॅमला होतो तेव्हा रोजची बस ट्रेंट ब्रिज या क्रिकेट ग्राउंडच्या कोपऱ्यावरून जायची. ग्राउंडला अगदी खेटून एक पब आहे, नाव ट्रेंट ब्रिज इन. मला आधी वाटायचं की स्टेडियम झालं म्हणून शेजारी पब निघाला असणार, जसं आपल्याकडे स्टेडियमबाहेर वडापावची गाडी लागते तसं. नंतर कळलं की प्रकरण उलटं आहे, पब आधी होता आणि त्याच्या मागच्या कुरणात मैदान नंतर झालं, आणि ते करणारा माणूस म्हणजे हा विल्यम क्लार्क. त्याच्या नावाचा स्टँड आहे तिथे. तेव्हापासून हा बाबा डोक्यात बसलाय, आज लिहूनच टाकतो.

जन्म १७९८, नॉटिंगहॅम, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. बाप गवंडी, हा पण गवंडी. सतरा-अठराव्या वर्षी म्हणजे १८१६ ला नॉटिंगहॅमच्या टीममध्ये आला. मग बेल इन नावाचा पब चालवायला घेतला (तो पण अजून आहे, गावात मार्केटजवळ). तिशीच्या आसपास फाइव्हज खेळताना, म्हणजे तो हाताने बॉल भिंतीवर मारायचा खेळ, बॉल थेट उजव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. आता दुसरा कोणी असता तर गप काउंटरवर बसून बिअर ओतत बसला असता. हा पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं क्रिकेट खेळला आणि त्याचं जे काही मोठं काम आहे ते सगळं डोळा गेल्यानंतरचं आहे.

१८३७ ला त्याने दुसरं लग्न केलं, मेरी चॅपमन नावाच्या विधवा बाईशी. ट्रेंट ब्रिज इन तिची. पबच्या मागे मोठं कुरण होतं. याने काय केलं तर त्याला कुंपण घातलं, मैदान बनवलं आणि १८३८ पासून मॅचेस सुरू केल्या, पण आत यायचं तर पैसे. नॉटिंगहॅमकर भडकले, कारण तोवर ते गावाच्या दुसऱ्या टोकाला फॉरेस्टच्या रेसकोर्सवर फुकट क्रिकेट बघायचे. आता नदी ओलांडून यायचं आणि वर खिशात हात घालायचा? लोक लेस आणि मोज्यांच्या मागावर काम करणारे, पैसा जपून वापरणारे. त्यामुळे धंदा म्हणून ट्रेंट ब्रिज त्याला काही फार फळलं नाही. पण १८४० ला ससेक्सविरुद्धची काउंटी (म्हणजे जिल्ह्यांच्या टीमची) मॅच तिथे झाली, १८४१ ला नॉटिंगहॅमशायर क्लब उभा राहिला, आणि पुढे १८९९ पासून टेस्ट. क्रिकेटमध्ये गेटवर टिकीट लावायची कल्पना काढणारा पहिला माणूस हाच.

आणि आता खरी गंमत. १८४६ मध्ये हा पठ्ठ्या ४७ वर्षांचा असताना नॉटिंगहॅम सोडून लंडनला लॉर्ड्सवर प्रॅक्टिस बॉलर म्हणून लागला. ४७! त्या वयात आपण डॉक्टरकडे गुडघ्याचा एक्सरे घेऊन जातो. त्याच वर्षी त्याने स्वतःची प्रायव्हेट टीम काढली, ऑल इंग्लंड इलेव्हन. देशातले सगळ्यात भारी प्लेअर पगारी घ्यायचे आणि गावोगाव फिरून तिथल्या लोकल टीमशी खेळायचं, लोकल टीमला अकराच्या जागी अठरा, वीस, बावीस माणसं. पहिली मॅच शेफील्डला, वीस जणांविरुद्ध, आणि ती ऑल इंग्लंडवाले हरले :D

बॉलिंग कशी? अंडरआर्म. हो, खालून. जेव्हा बाकी सगळे राउंडआर्मने, म्हणजे हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन, जोरात टाकायला लागले होते (१८३५ ला नियमाने मान्य झालं होतं) तेव्हा हा कमरेजवळून हळूच लेगकडून वळणारा बॉल सोडायचा. १८५३ च्या सीझनला त्याने ४७६ विकेट काढल्या. १८४७ ते ५३ या सात सीझनला मिळून २३८५. आता बावीस-बावीस जण बॅटिंगला येतात म्हटल्यावर आकडे फुगणारच, पण तरी पन्नाशी ओलांडलेला, एका डोळ्याचा माणूस!

बाकी प्रतिसादात लिहितो, टंकून बोटं दुखली.

---

मधली_सुट्टी

भारी. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

श्रीरामपूर_एक्सप्रेस

ट्रेंट ब्रिज म्हटलं की आमच्या गावात एकच आठवण, २००७, जेली बीन्स. झहीर बॅटिंगला आला तर क्रीजवर कोणीतरी गोळ्या टाकून ठेवलेल्या, याने त्या बाजूला काढल्या, परत टाकल्या, मग तो जो तापला तो बॅट दाखवत गेला पीटरसनच्या अंगावर. त्या मॅचला ९ विकेट, मॅच पण आपली आणि सीरीज पण. त्या मैदानाचा मालक एके काळी पबवाला होता हे माहीत नव्हतं. पण पबवाल्याच्या मैदानात गोळ्या-बिस्किटं पडणारच की राव.

---

जुनं_कपाट

लेख आवडला पण एक दुरुस्ती. टिकीट लावणारा पहिला माणूस क्लार्क नव्हे. लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर १७४४ च्या सुमारास दोन पेन्स घ्यायचे आणि ते वाढवून सहा पेन्स केले होते. ते मैदान चालवणारा जॉर्ज स्मिथ हाही पबवालाच. थॉमस लॉर्डने १७८७ ला पहिलं लॉर्ड्स काढलं तेही कुंपण घालून, पैसे घेऊनच. म्हणजे नॉटिंगहॅमला पहिला म्हणा, क्रिकेटमध्ये पहिला नाही.

इंग्लंडचं जुनं क्रिकेट आणि बिअर हे वेगळं काढताच येत नाही. मॅच ठेवली की तहानलेली गर्दी येते आणि गर्दी आली की पिंप संपतं. क्लार्क त्याच परंपरेतला.

---

खडूस_बॅट्समन

@जुनं_कपाट बरोबर आहे, चूक कबूल. उत्साहात लिहून गेलो. संपादनाची सोय असती तर बदललं असतं.

---

परळचा_अंडरआर्म

अरे थांबा थांबा, अंडरआर्मवर कोणीच बोलत नाहीये?? मी गेली बारा वर्षं अंडरआर्म टुर्नामेंट खेळतोय, गल्लीतल्या पण आणि आता टर्फवरच्या पण, आणि लोक अजून म्हणतात की हे काय क्रिकेट आहे का. त्यांना ४७६ विकेटचा स्क्रीनशॉट पाठवणार आहे.

सीरियसली सांगतो खालून टाकलेला बॉल खेळणं सोपं वाटतं ते फक्त बघणाऱ्याला. एक तर बॉल डोळ्याच्या रेषेच्या खालून निघून वर येतो आणि मग परत पडतो, त्यामुळे बॅट्समनला टप्पा कुठे पडणार ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरं म्हणजे जोर नसतो, सगळा जोर तुम्हालाच लावायचा. आणि तिसरं, बोटं. बॉल तळहातात धरायचाच नाही, पहिल्या तीन बोटांच्या टोकांवर ठेवायचा आणि सोडताना करंगळीच्या बाजूने मनगट फिरवायचं, दाराची जुनी गोल मूठ फिरवतो ना तसं. टेनिस बॉलवर हे होतं तर लेदरच्या शिवणीवर काय होत असेल. त्यात समोरचा दिवसभर राउंडआर्मचा फास्ट खेळून सेट झालेला, बॅट आधीच खाली यायची आणि बॉल अजून हवेतच.

प्रश्न: कमरेजवळून म्हणजे नक्की किती उंचीवरून? आमच्याकडे गुडघ्याच्या वर हात गेला की नो बॉल देतात.

---

खडूस_बॅट्समन

@परळचा_अंडरआर्म हीच तर त्याची युक्ती. जुने अंडरआर्मवाले पार खालून, वाकून टाकायचे. क्लार्क पळत येऊन शेवटच्या क्षणी हात जवळपास कंबरेला लावून तिथून सोडायचा, त्यामुळे टप्प्यानंतर बॉल बाकीच्यांपेक्षा जास्त उसळायचा आणि वळायचा पण. तुमच्याकडे प्रत्येक बॉल नो बॉल झाला असता :)

आणि त्याचं खरं हत्यार डोकं होतं. मॅचच्या आधी समोरच्या टीमची प्रॅक्टिस चालू असताना हा मैदानाभोवती फेरी मारत बसायचा, कोण पुढे येऊन खेळतो, कोणाचा पाय हलत नाही, कोण कशाला घाबरतो ते टिपून घ्यायचा, आणि मग प्रत्येकाला वेगळा सापळा. आज टीमबरोबर लॅपटॉप घेऊन जो माणूस बसतो ना, तो म्हणजे हा, टॉप हॅट घातलेला. १८४७ सालच्या टीमचं एक प्रसिद्ध चित्र आहे, टीममधल्याच फेलिक्सने काढलेलं. तो फेलिक्स पण वल्ली, खरं आडनाव वानोस्ट्रॉख्ट, शाळामास्तर, आणि क्रिकेटसाठी फेलिक्स हे टोपणनाव घेतलेलं.

जेवणाचा किस्सा पण आहे. मॅचच्या दिवशी दुपारी म्हणे फक्त एक सिगार आणि ग्लासभर सोडा, आणि रात्री अख्खं गूस (बदकासारखा मोठा पाळीव पक्षी) एकटा बसून.

---

हिशोबनीस

कौतुक ठीक आहे पण आता मी जरा खडे टाकतो.

ऑल इंग्लंड इलेव्हनचा सेक्रेटरी कोण? क्लार्क. मॅनेजर कोण? क्लार्क. कॅप्टन कोण? क्लार्क. बॉलिंग कोण टाकणार ते कोण ठरवणार? क्लार्क. आणि मग दिवसभर बॉलिंग कोणी टाकली? ओळखा पाहू. त्या ४७६ मधल्या किती विकेट दुसऱ्याला मिळू शकल्या असत्या हा पण प्रश्न आहे. त्याला मार पडत असला तरी तो स्वतःला काढायचा नाही ही तेव्हाचीच तक्रार आहे.

आणि पैसा. प्लेअरला एका मॅचचे ४ ते ६ पौंड, त्यात प्रवास त्याचा त्याने करायचा. मॅच तीन दिवसांची. गेटवरून आणि यजमान क्लबकडून जे यायचं त्यातून हे दिलं की उरलेलं मालकाच्या खिशात. फुलर पिल्च, आल्फ्रेड मिन, जॉर्ज पार, म्हणजे त्या काळातले सचिन-द्रविड-लक्ष्मण घ्या, त्यांच्या नावावर गर्दी जमणार आणि गल्ला हा मोजणार. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत पण असाच एक आयोजक आहे, नाव नाही घेत.

---

खडूस_बॅट्समन

@हिशोबनीस मुद्दा मान्य, पण दुसरी बाजू बघ. त्या काळी शेतमजुराला आठवड्याचे दहा शिलिंगच्या आसपास मिळायचे, म्हणजे अर्धा पौंड. तीन दिवसांत ४ पौंड म्हणजे त्याची दोन महिन्यांची कमाई. प्रवास वजा केला तरी बरंच उरतं. आणि क्लार्कच्या आधी या लोकांचं काय होतं? एखाद्या लॉर्डने बोलावलं तर खेळायचं, त्याच्या इस्टेटीवर माळी नाहीतर शिकारीचा रखवालदार म्हणून राहायचं, लॉर्डचा मूड गेला की खेळ संपला. क्लार्कने त्यांना मे ते सप्टेंबर सलग काम दिलं, सीझनला पंचवीस-तीस मॅचेस. स्वतः गवंड्याचा पोरगा, कोणा साहेबाचा आधार नाही. साहेबांच्या क्लबला न विचारता क्रिकेट चालवता येतं हे त्याने दाखवून दिलं.

आणि नशीब म्हणजे रेल्वे. १८३८ ला ट्रेंट ब्रिज काढलं तेव्हा नॉटिंगहॅमला गाडीच नव्हती, पुढच्या वर्षी आली. १८४६ ला टीम काढली तेव्हा इंग्लंडभर रूळ पडत होते. रूळ नसते तर ही सर्कस दोन गावांच्या पुढे गेली नसती, अर्थात जिथे गाडी नव्हती तिथे घोडागाडीने रात्रभर हाडं खिळखिळी करत जायचेच. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ ला, त्याच्या ४७६ विकेटचं वर्ष. आणि मुंबईत पारशी पोरांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला १८४८ ला, म्हणजे क्लार्कची टीम तिकडे गावोगाव फिरत होती तेव्हाच.

पण मी त्याच्या टीममध्ये खेळलो असतो का? नाही. मला दिवसभर लाँगऑफला उभं राहून दुसऱ्याची बॉलिंग बघायला आवडत नाही.

---

पूर्वा_कुलकर्णी_नाही

सगळे क्लार्क क्लार्क करताय, पण पब कोणाचा होता? कुरण कोणाच्या पबामागचं होतं? मेरीबाईंचं. लग्नाच्या आधी ती बाई एकटी तो पब चालवत होती. आणि लग्न झालं की त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याने बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात, ते बदलायला १८७० आणि मग १८८२ चा कायदा यावा लागला. म्हणजे डिसेंबरात लग्न आणि पुढच्या उन्हाळ्यात कुरणाला कुंपण! आणि आठ वर्षांनी साहेब लंडनला. लॉर्ड्सवर बॉलिंग टाकायला.

धाग्याच्या नावात 'बायकोचा पब' लिहिलंयस म्हणून अर्धे मार्क देते.

---

खडूस_बॅट्समन

@पूर्वा_कुलकर्णी_नाही ताई, निरुत्तर. हे खरंच त्या बाजूने बघितलं नव्हतं.

---

जुनं_कपाट

हिशोबनीस यांच्या तक्रारीचा पुढचा भाग सांगतो, कारण यात एक नाव असं आहे जे इथल्या प्रत्येकाला माहितीये.

१८५२ मध्ये क्लार्कच्या टीममध्ये बंड झालं. पैसे आणि दादागिरी, हीच दोन कारणं. पुढारी दोघे, दोघेही ससेक्सचे, जेमी डीन आणि जॉन विस्डेन. हो, तोच विस्डेन, पिवळ्या पुस्तकाचा, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या क्रिकेटच्या त्या जाड ग्रंथाचा. उंचीने बुटका पण फास्ट बॉलर, १८५० ला लॉर्ड्सवर एका इनिंगमध्ये दहाच्या दहा विकेट आणि सगळ्या क्लीन बोल्ड. या लोकांनी युनायटेड ऑल इंग्लंड इलेव्हन म्हणून वेगळी चूल मांडली आणि शेफील्डला बसून सह्या केल्या की ज्या मॅचची व्यवस्था विल्यम क्लार्ककडे असेल ती आम्ही त्याच्या बाजूनेही खेळणार नाही आणि विरुद्धही खेळणार नाही. आणि त्यात एक अपवाद ठेवला, काउंटी मॅचेस सोडून!

हा अपवाद मला फार आवडतो. भांडण मालकाशी, काउंटीशी नाही. घरातलं लग्न असलं की भावकीचं भांडण बाजूला ठेवून जेवायला जातात तसंच.

क्लार्क जिवंत असेपर्यंत दोन्ही टीम एकमेकांशी खेळल्या नाहीत. तो १८५६ ला गेला, सूत्रं जॉर्ज पारकडे आली आणि १८५७ ला लॉर्ड्सवर दोघांची मॅच झाली. मग १८५९ ला दोन्हीकडचे सहा-सहा घेऊन बारा जणांची टीम कॅनडा-अमेरिकेला गेली, इंग्लंडचा पहिला परदेश दौरा.

---

हिशोबनीस

घ्या. म्हणजे मी म्हणतोय ते विस्डेन पण म्हणत होता. माझी बाजू पिवळ्या पुस्तकाने मांडली, आता मी शांत बसतो.

---

मधली_सुट्टी

एक बाळबोध प्रश्न, बावीस जणांशी खेळायचे तर बावीसच्या बावीस फील्डिंगला उभे राहायचे का? मग चौका कुठून जाणार??

---

खडूस_बॅट्समन

@मधली_सुट्टी हो, सगळे उभे. म्हणून त्या मॅचेसचे स्कोअर बघितले की हसू येतं, ऑल इंग्लंडवाले शंभरच्या आत गुंडाळले जायचे आणि लोकल बावीसमधले अर्धे शून्यावर. खेळपट्ट्या पण कसल्या, कोणाचं तरी शेत असायचं. १८५४ ला ब्रिस्टलला मॅच झाली ती फुल मून हॉटेलच्या मागच्या शेतात, आयोजक होते एक डॉक्टर, हेन्री ग्रेस. डॉक्टरांचा सहा वर्षांचा व्हायला आलेला मुलगा आईबरोबर घोडागाडीत बसून मॅच बघत होता. तो म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस, पुढे इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला क्रिकेटर. पुढच्या वर्षी टीम परत आली तेव्हा त्याचा मोठा भाऊ ई. एम., वय तेरा, लोकल टीमकडून फील्डिंगला होता आणि त्याची फील्डिंग बघून क्लार्कने त्याला बॅट बक्षीस दिली.

आता @हिशोबनीस, हा माणूस नुसता कंजूष असता तर बॅट दिली असती का? :P

बाकी त्याच टीममध्ये सरेचा एक बॅट्समन होता त्याचं नाव ज्युलियस सीझर. टोपणनाव नाही, खरंखुरं. सुताराचं काम करायचा. विचार करा, स्कोअरबोर्डवर 'सीझर बोल्ड क्लार्क' असं लिहिलेलं.

---

हिशोबनीस

एक बॅट. २३८५ विकेट आणि एक बॅट. नोंद घेतली.

(शांत बसतो म्हणालो होतो, माहितीये.)

---

श्रीरामपूर_एक्सप्रेस

शेवट कसा झाला त्याचा?

---

खडूस_बॅट्समन

१८५६ च्या उन्हाळ्यापर्यंत खेळत होता, ५७ व्या वर्षी. करिअरमधल्या शेवटच्या बॉलवर त्याने विकेट घेतली, हे आकडेवाल्यांचं लाडकं कोडं आहे. ऑगस्टमध्ये लंडनजवळ वाँड्सवर्थला वारला. मुलगा आल्फ्रेड पण नॉटिंगहॅमशायरकडून खेळला.

ट्रेंट ब्रिजवर जॉर्ज पारच्या नावाचं एक एल्मचं झाड होतं, तो लेगला मारायचा ते बॉल त्या झाडाकडे जायचे म्हणून. १९७६ च्या वादळात ते पडलं आणि त्याच्या लाकडाच्या छोट्या बॅटी करून विकल्या. तेव्हा कोण होतं कमिटीवर ते सोडा, पण ही आयडिया शंभर टक्के क्लार्कच्या घराण्यातली वाटते.

---

परळचा_अंडरआर्म

रिपोर्ट देतो. शनिवारी रात्री टर्फवर सेमी फायनल होती, धागा वाचून डोक्यात किडा होताच. अंपायर ओळखीचा, त्याला आधीच सांगितलं की दोन बॉल कंबरेवरून टाकतो, नो बॉल दे पण बघू दे. पहिला नेटच्या वर गेला, सिक्स. दुसरा त्याच्याही वर, बाजूच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर, वॉचमनने शिव्या घातल्या. तिसरा मी आपला नेहमीसारखा गुडघ्याखालून टाकला तर तो गडी आधीच्या दोन सिक्सच्या मस्तीत तीन पावलं पुढे आला, बॉल त्याच्या बॅटखालून वळला आणि कीपरने आरामात स्टंप उडवला. क्लार्क असा विचार करत असणार काय?

मॅच जिंकलो, फायनल हरलो. रनर अपचं कॅश प्राइज सोमवारी देतो म्हणाले होते, आज गुरुवार. आम्ही अकरा जण युनायटेड काढायच्या विचारात आहोत.